शिवारातील पांढर

(मंडळाच्या कुरुळी येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्या मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, वधूवरांची माहिती दिली-घेतली जाते, शिक्षणनिधीचा जमाखर्च वाचला जातो आणि मग कोणा एकाला व्याख्यानासाठी उभे केले जाते. भोजनाची वेळ जवळ आलेली असताना बोलणाऱ्याने आवरते घ्यावे हा शिष्टाचार मला ठाऊक आहे. तरीही मेळावा ह्या वर्षी कुरुळीस भरला असल्यामुळे एक विषय आपल्यापुढे ठेवण्याचा मोह मला आवरत नाही. हा विषय ओस पडलेल्या गावांचा, आणि ती गावे गेल्यावर शिवारात मागे राहिलेल्या मातीच्या उंचवट्यांचा आहे. माझे आयुष्य जमिनीच्या मोजणीच्या कामात गेले. साखळी ओढताना पायाखाली जे लागते त्याकडे पाहण्याची सवय जडली, ती सेवानिवृत्तीनंतरही सुटली नाही.

आपल्या जुन्या कागदांत गावाचे दोन भाग सांगितलेले असतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. वतनाच्या महजरांत ‘समस्त पांढरी’ असे शब्द येतात तेव्हा त्याचा अर्थ जमलेले सर्व गावकरी असा होतो. जमिनीचा रंग माणसांचे नाव व्हावा, ही गोष्ट मला मोठी अर्थपूर्ण वाटते. कारण तो रंग माणसांनीच जमिनीला दिलेला असतो.

तो कसा, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. देशावरील जुने घर म्हणजे मातीच्या भिंती आणि वर धाबे. धाब्यावर दर पावसाळ्यापूर्वी नवी माती पसरावयाची, चुलीची राख परसात टाकावयाची, गोठ्याचे शेण-मूत दाराशीच मुरावयाचे. भिंत खचली की तिची माती दूर नेऊन टाकण्याचे कष्ट कोणी घेत नसे. ती सपाट करून तिच्यावरच नवी भिंत उभी राही. अशा रीतीने दहापाच पिढ्या लोटल्या की गाव आपल्याच पडझडीवर उंच होत जाते. राख, चुना, हाडे, कुजलेला केरकचरा ह्यांच्या मिश्रणाने ती माती फिकट, भुसभुशीत आणि खारट होते. तिच्यात सोरा असतो, आणि जुन्या काळी बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा पुष्कळदा अशाच मातीतून काढीत. हेच पांढरीचे टेकाड. नांदत्या गावात ते घरांखाली झाकलेले असते. गाव उठले की उघडे पडते.

पुणे शहरातील कसबा पेठ अशाच एका टेकाडावर वसली आहे. तेथे चढून जाताना पायांना जो चढ जाणवतो, तो केवळ निसर्गाने केलेला नाही. शेकडो वर्षांच्या घरांचा तो चढ आहे. परंतु पुणे पुन्हा पुन्हा वसले म्हणून ते टेकाड कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. ज्यांच्या नशिबी पुन्हा वसणे नव्हते, अशा गावांची टेकाडे मात्र रानात तशीच राहिली.

गावे ओस का पडली, ह्याची कारणे आपल्या भागात तरी फार दूर शोधावी लागत नाहीत. पहिले नाव घ्यावयाचे ते दुर्गादेवीच्या दुष्काळाचे. इसवी सन १३९६ मध्ये त्याचा प्रारंभ झाला आणि तो बारा वर्षे टिकला, असे परंपरा सांगते. बारा ही संख्या आपल्याकडे जरा सढळ हाताने वापरली जाते, हे मी कबूल करतो. पण दुष्काळाचे परिणाम किती खोल होते हे त्यानंतर काय करावे लागले ह्यावरून दिसते. ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात आणि पुढे १८८५च्या पुणे जिल्हा गॅझेटियरात ही हकीकत आली आहे. दुष्काळानंतर सुमारे तीस वर्षे ह्या मुलखातून सरकारला वसूल म्हणण्यासारखा मिळाला नाही, आणि डोंगरी किल्ले लुटारू नाईकांच्या हाती गेले. १४२९ मध्ये बहामनी सरकारचा बडा सरदार मलिक-उत्-तुजार हा वंशपरंपरागत देशमुखांना बरोबर घेऊन बंदोबस्तास निघाला. गावांची घडी पुन्हा बसविण्याचे काम दादू नरसू काळे नावाच्या अनुभवी ब्राह्मणाकडे व दरबारातील एका तुर्की खोजाकडे सोपविण्यात आले.

ह्या दादू नरसूने जे केले ते आपण नीट ऐकावे, कारण माझ्या आजच्या बोलण्याचा सारा भार त्यावर आहे. गावांच्या जुन्या शिवा कोणाला सांगता येईनात. शीव दाखविणारा म्हातारा मेलेला, शिवेवरचा दगड झुडपात गेलेला. तेव्हा त्याने नव्या शिवा आखताना त्या पुष्कळ वाढविल्या आणि दोन-दोन, तीन-तीन गावे मिळून एक गाव केले. जो कसावयास तयार होईल त्याला जमीन दिली. पहिल्या वर्षी सारा माफ, दुसऱ्या वर्षी बिघ्यामागे तोबराभर धान्य. घोड्याच्या तोंडाला बांधतात तो तोबरा. सरकारने मागावे आणि रयतेने हसत द्यावे, इतका तो आकार हलका होता. लोक परत यावेत म्हणून राज्यकर्त्याला किती खाली वाकावे लागले, हे त्या एका तोबऱ्यावरून कळते.

ह्याचा अर्थ काय झाला? आज आपण ज्याला एक गाव म्हणतो, त्याच्या शिवेच्या आत दुसरे एखादे गाव निजलेले असण्याचा पुष्कळ संभव आहे. आपण त्याच्यावरून नांगर चालवितो, पाट नेतो, आणि हल्ली गोदामाचा पाया घालतो. ज्याने ही व्यवस्था लावली त्याच मलिक-उत्-तुजारने पुढे चाकणला आपले ठाणे केले. म्हणजे हा बंदोबस्त कोठे दूर देशी झालेला नव्हे. कुरुळी, चिंबळी, मोई, निघोजे ही गावे त्या ठाण्याच्या अगदी अंगणातली.

दुसरे संकट १६३० ते १६३२ ह्या वर्षांतले. त्याचे वर्णन बादशाही दरबाराचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी ह्याने केले आहे. पण आपल्याला त्याची ओळख दुसऱ्या वाटेने आहे. येथून जवळच देहू येथे तुकोबांची पहिली पत्नी आणि एक मुलगा ह्या दुष्काळात गेले, असे परंपरा सांगते. त्याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव ह्याने पुणे जाळले आणि तेथे गाढवाचा नांगर फिरविला. ते गाव पुन्हा वसू नये हा त्या नांगराचा हेतू. पुढे जिजाबाई व बालशिवाजी पुण्यास राहावयास आले तेव्हा सोन्याचा नांगर फिरवून तो शाप उतरविल्याची कथा सर्वांना माहीत आहे. मला त्या कथेत एक गोष्ट नेहमी खटकते. पुण्याला सोन्याचा नांगर मिळाला. ज्या लहान गावांवर गाढवाचा नांगरही कोणी फिरविला नाही, जी नुसती उपासमारीने रिकामी झाली, त्यांच्यासाठी कोणी काही फिरविले नाही.

तिसरे कारण म्हणजे वाट. जुन्नरहून पुण्याकडे येणारी वाट चाकणवरून येते, आणि फौजांना वाट लागते तशी वैरणही लागते. १६६० मध्ये शाएस्तेखानाने चाकणच्या किल्ल्याला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी तो किल्ला दोन महिन्यांच्या आसपास झुंजविला आणि सुरुंगाने बुरूज उडाल्यावरच तो पडला. त्या पराक्रमाचे पोवाडे आपण गातो ते योग्यच आहे. पण दोन महिने एवढी मोठी फौज तळ देऊन बसली असता भोवतालच्या पाच कोसांतील कडब्याच्या गंजींचे, धान्याच्या पेवांचे आणि घरांच्या लाकडांचे काय झाले असेल, ह्याचा विचार करणारा माणूस विरळा. ह्याच चाकणला किल्ल्याच्या पूर्वेस मातीच्या तटाची एक ओळ होती. एका हबशी सरदाराने १२९५ मध्ये बांधलेल्या कोटाचे ते अवशेष, अशी दंतकथा गॅझेटियरात नोंदलेली आहे. पुढे १८०२ साली यशवंतराव होळकरांची पुण्यावर स्वारी आणि लगोलग १८०३-०४चा दुष्काळ, अशी पुन्हा तीच जोडी आली.

गाव उठले म्हणजे सर्व हक्क उठले असे मात्र नव्हे. मिरासदार परागंदा झाला तरी त्याची मिरास जिवंत असे, आणि त्याचा नातू येऊन ती मागू शके. ज्या कुळाचा वंशच उरला नाही त्याच्या जमिनीला ‘गतकुळी’ म्हणत. लेफ्टनंट कर्नल साईक्स ह्यांनी १८३५ मध्ये दख्खनच्या जमीनधारापद्धतीवर लिहिताना ह्या गतकुळी जमिनींची आणि कुळांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या ‘थळां’ची सविस्तर माहिती दिली आहे. माणसे संपली तरी थळाचे नाव त्यांचेच चालू राही. नव्या उपऱ्याला जमीन द्यावयाची तर कौल देत आणि इस्तावा बांधून देत, म्हणजे सारा वर्षावर्षाने थोडा थोडा चढवीत नेत. आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज मिरासदार होते असे आपण अभिमानाने सांगतो. पण काही जणांचे मूळपुरुष असाच कौल घेऊन, दोन बैल आणि एक बिऱ्हाड बरोबर आणून, दुसऱ्याच्या ओस जागेवर राहिलेले उपरी असणार. त्यात कमीपणा कसला? पडीक रान पुन्हा लावणाऱ्याला त्या काळचे सरकार आर्जवाने बोलावीत होते.

आता अशी जागा ओळखावी कशी? इंग्लंडात हा एक स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाला आहे. मॉरिस बेरेसफर्ड ह्या आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकाचा हरवलेल्या गावांवरील ग्रंथ १९५४ साली निघाला. यॉर्कशायरमधील व्हॅरम पर्सी नावाच्या ओसाड गावी त्याने व जॉन हर्स्ट ह्याने १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षे, दर उन्हाळ्यात, उत्खनन केले. तिकडे गावे उठली ती पुष्कळदा मेंढ्यांसाठी. लोकरीला भाव आला, जमीनदारांनी माणसे काढून कुरणे केली, आणि गवताखाली घरांचे चौथरे, परसाचे बांध, गाडीवाटेची खोलगट चर, शेताचे वाफे हे सारे जसेच्या तसे राहिले. तिरप्या उन्हात किंवा विमानातून घेतलेल्या छायाचित्रात ते आजही नकाशासारखे दिसते. अशी सुमारे तीन हजार गावे त्यांनी मोजली आहेत.

आपल्याकडे गवताची ती कृपा नाही. आपले टेकाड नांगराखाली येते. तरी खुणा राहतातच. काळ्या रानात मध्येच फिकट, राखट मातीचा पट्टा लागतो. पहिल्या पावसानंतर तो अधिक स्पष्ट दिसतो आणि चिखल वेगळ्या तऱ्हेने पायाला चिकटतो. त्यात खापरांचे तुकडे, जात्याची अर्धी तळी, रंगीत काचेच्या बांगड्यांचे तुकडे सापडतात. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडावर १९४५-४६ मध्ये डॉ. सांकलिया व डॉ. दीक्षित ह्यांनी उत्खनन केले तेव्हा बहामनी काळच्या थरात अशा बांगड्या मिळाल्या, त्यामुळे हा तुकडा आता नुसता कचरा राहिलेला नाही; तो साक्षीदार झाला आहे. वस्तीपासून दूर, शेताच्या मधोमध, एकटा मारुती उभा असेल तर थांबून विचार करावा. मारुतीचे स्थान गावाच्या वेशीजवळ असते. मारुती आहे आणि वेस नाही, तर वेस कोठे गेली? वीरगळ, सतीचा हात कोरलेली शिळा, बांधाला लावलेले घडीव दगड, पाणी नसलेली बारव, चिंचेची जुनी झाडे, ही त्याच पंक्तीतील चिन्हे. गढी असली तर तिच्या बुरुजाची मातीची ढेप शेवटपर्यंत तग धरते. गावकुसाची भिंत कोसळून तिचा लांबट वरंबा होतो, आणि शेतकरी त्याला बांध समजून त्यावर तूर लावतो.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. गावकूस हे गावाचे पुरे वर्तुळ नव्हे. महारवाडा कुसाबाहेर असे. शिवेच्या तंट्यात ज्याच्या शब्दाला मान होता तो महार वतनदार वेशीच्या आत राहत नव्हता. म्हणून पांढर पाहणाऱ्याने केवळ मोठे टेकाड पाहून परत फिरू नये. त्याच्या बाहेर, बहुधा ओढ्याच्या बाजूला, उंचीला कमी अशी दुसरी वस्ती असावयाची. तीही तितकीच त्या गावाची होती. ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून हे बोलणे काहींना रुचणार नाही, परंतु माती ज्ञाती पाहत नाही, ती सर्वांच्या चुलीची राख सारखीच सांभाळते.

ह्या टेकाडांकडे विद्वानांचे लक्ष गेले आहे, नाही असे नाही. प्रवरेच्या काठी नेवासे येथे १९५४ पासून सांकलियांनी उत्खनन केले. त्याच नदीवरचे दायमाबाद हे तर आज ओसाड गाव म्हणूनच ओळखले जाते. १९५८ मध्ये बोपर्डीकरांनी ते स्थळ हुडकले, आणि १९७४ मध्ये तेथे एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना काशाचा रथ व हत्ती, गेंडा, रेडा ही जनावरे मिळाली, ती जगभर गाजली. शिरूर तालुक्यातील इनामगावची पांढर १९६८ पासून एक तपाहून अधिक काळ खणली गेली. परंतु ही सर्व कीर्ती मुख्यतः तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या थरांची. पंडितांचे मन खाली, अतिप्राचीनाकडे धावते. यादव, बहामनी, निजामशाही ह्या काळातील साधे शेतकरी गाव वरच्या थरात असते, आणि वरचा थर हा खाली जाण्यासाठी काढून टाकावयाचा थर ठरतो. आपल्या पणजोबांच्या पणजोबांचे गाव मात्र त्याच थरात आहे.

आणि आपला त्याच्याशी संबंध आडनावाचा आहे. आपल्या सभासदांच्या यादीकडे पाहा. ‘कर’ हा प्रत्यय लागलेली किती आडनावे त्यात आहेत! जो गाव सोडतो त्यालाच नव्या ठिकाणी जुन्या गावाचे नाव चिकटते. गावात राहणाऱ्याला गावाचे नाव लावून कोण हाक मारील? म्हणजे असे प्रत्येक आडनाव ही एका स्थलांतराची नोंद आहे. लग्नाच्या बैठकीत आपण कुलदैवत विचारतो, देवक विचारतो, मूळ गाव विचारतो. उत्तर येते, आणि ते गाव नकाशावर नसले तर आपण म्हणतो, असेल कोठेतरी. महसुलाच्या कागदांत अशा गावासाठी ‘बेचिराख’ हा शब्द आहे. चिराग म्हणजे दिवा. जेथे दिवा लागत नाही ते गाव. त्याला शीव असते, क्षेत्र असते, सारा असतो, फक्त दिवा नसतो. जनगणनेच्या पुस्तकांतही वस्ती नसलेली गावे वेगळी दाखविलेली आढळतील. ज्यांना मूळ गाव सापडत नाही त्यांनी एकदा त्या यादीवरून डोळा फिरवावा.

आता प्रस्तुतच्या काळाकडे येतो. पांढरीची माती शेतकरी पूर्वीपासून गाडीने नेत आला आहे. ती खत म्हणून उत्तम, धाब्यावर घालावयास उत्तम. बैलगाडीने नेलेल्या मातीने टेकाड झिजते, पण एका पिढीत संपत नाही. जेसीबी यंत्राला ते एका दुपारचे काम आहे. गेल्या काही दशकांत पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत, आणि चाकणच्या पलीकडे म्हाळुंगे, खराबवाडी, वराळे, सावरदरीपर्यंत कारखान्यांचा विस्तार झाला. त्याने आपल्या मुलांना नोकऱ्या दिल्या. आज ह्या मंडपात बसलेल्यांपैकी कित्येकांचे घर त्यावर चालते. त्याला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही आणि इच्छाही नाही. पण कारखान्याला सपाट जमीन लागते, आणि सपाट करताना प्रथम जाते ते उंच असलेले. मुरूम आणि पांढरी माती एकाच डंपरमधून भरावाला जाते. मग खापराचा तुकडा कोणत्या गावचा हे ब्रह्मदेवालाही सांगता यावयाचे नाही.

त्याहून गुपचूप जाणारी वस्तू म्हणजे शेताचे नाव. १९४७च्या कायद्यान्वये जमिनींचे एकत्रीकरण झाले, सर्व्हे नंबर मोडून गट झाले, आणि थळांची जुनी नावे कागदावरून हळूहळू मागे पडली. सातबाऱ्यावर आजही ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकाना आहे. आपापला उतारा काढून पाहा. बहुतेकांचा तो रकाना कोरा असेल. परंतु घरातील वृद्धांना विचारा. ‘पांढरीचे’, ‘जुने गावठाण’, ‘गढीचे’, ‘वेशीचे’, ‘मारुतीचे’, अशी नावे त्यांच्या तोंडी असतात. हे नाव म्हणजेच त्या निजलेल्या गावाचा उरलेला एकमेव दस्तऐवज. टेकाड सपाट झाले आणि नाव सांगणारी आजी गेली, की दादू नरसूसमोर उभी राहिली होती तीच स्थिती पुन्हा येते.

काही जणांच्या मनात भीती असते की, असे काही दाखविले तर सरकार जमीन घेईल; काहींना उलट आशा असते की, खणले तर हंडा मिळेल. दोन्ही बाबतींत स्पष्ट बोलतो. शेताचे नाव वहीत लिहून ठेवल्याने कोणाचा सातबारा बदलत नाही. राज्याचा प्राचीन स्मारकांचा कायदा १९६०चा आहे. पण त्याखाली एखादे स्थळ संरक्षित करावयाचे तर रीतसर अधिसूचना काढावी लागते. आणि हंड्याविषयी म्हणाल तर १८७८च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या धनाची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे. शिवाय शेतकऱ्याच्या गावात हंडे कोठून असणार? तेथे असते ती उतरंड. आपल्या आज्या मडक्यावर मडके रचीत, तसे तेथे थरावर थर असतात. उतरंडीतले खालचे मडके ओढून काढले तर काय होते हे सर्व भगिनींना माहीत आहे. थरांचा क्रम हाच काळाचा हिशेब. तो एकदा विस्कटला की मोठा पंडित आणला तरी तो परत लागत नाही. म्हणून खणू नये. पाहावे, लिहावे आणि छायाचित्र घ्यावे.

कार्यकारिणीपुढे मी एक सूचना ठेवली आहे व ती मान्य झाली आहे. प्रत्येक सभासद कुटुंबाने एका कागदावर पुढील गोष्टी लिहून चिटणिसांकडे पाठवाव्यात: आपल्या शेताचे घरात चालणारे नाव, गाव व गट नंबर, शेतात किंवा बांधाला एकटा मारुती, वीरगळ, घडीव दगड, पडकी बारव असल्यास तिची जागा, मातीचा रंग कोठे बदलतो ते, आणि मूळ गाव नकाशावर मिळत नसल्यास त्याचे नाव जसे घरात उच्चारतात तसे, सुधारून न लिहिता. जमीन विकली गेली असली तरीही लिहावे, किंबहुना अशांनी आधी लिहावे. ज्यांच्या घरी सत्तरी ओलांडलेले माणूस आहे त्यांनी त्याच्याकडून ऐकूनच कागद भरावा. पुढील स्मरणिकेत ही सर्व नावे तालुकावार छापण्याचे ठरले आहे. अर्धा कागद पुरे होईल, पण त्यावर गट नंबर घालण्यास विसरू नये.